पहिल्या ओळीत नाव

४ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलू नका, काय असेल ते लिहा. बरं, लिहिते. ही वही त्यासाठीच आणली.

एकोणीस वर्षं शाळेत भाषा शिकवली आणि बक्षीस म्हणून घशात दोन गाठी मिळाल्या. ऑपरेशन झालं. गाठी गेल्या आणि त्यांच्याबरोबर आवाजही गेला. आता जो काही निघतो तो गंजलेल्या बिजागरीसारखा, आणि तोही दिवसातून दहाच मिनिटं काढायचा. शाळेनं फुलं पाठवली आणि त्याच आठवड्यात माझ्या जागी दुसऱ्या बाई घेतल्या. मी चिठ्ठीवर लिहिलं, फुलं फेकून द्या. सासूबाई म्हणाल्या, "फुलांनी काय तुझं घोडं मारलंय?" आणि पाण्यात ठेवली.

नवरा सात महिने घरी आहे. त्याच्या कंपनीनं त्याचा अख्खा विभागच बंद केला. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो जेवायच्या टेबलावर संगणक मांडून बसतो. एक न बोलणारी बायको, एक बिनकामाचा नवरा आणि दोघांच्या वाटचं बोलणाऱ्या सासूबाई. छान चाललंय आमचं.

९ जानेवारी

आज नवऱ्यावर हसले. आवाज न करता हसता येतं, हे नवीन शिकले.

तो संगणकाचं कर्नेल बांधत होता. कर्नेल म्हणजे सगळ्यात आतला भाग, बाकीचं सगळं त्याच्या जिवावर चालतं. ते एका खुल्या प्रकल्पातून मिळतं, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. बांधायला घेतलं की ते प्रश्न विचारतं. ही सोय हवी? ती हवी? हो म्हणा किंवा नाही म्हणा. असे हजारो प्रश्न, आणि प्रत्येकाखाली मदतीचा मजकूर. तर हा एका प्रश्नावर अर्धा तास अडला होता. मदत म्हणत होती: "हा पर्याय निवडल्यास उष्णता-नियमनाची पर्यायी पद्धत सुरू होते. माहीत नसेल तर नाही म्हणा."

मी चिठ्ठी लिहिली: माहीत असतं तर मदत कशाला वाचली असती?

मग त्याला खोदून खोदून विचारलं आणि कागदावर लिहिलं: "तुमच्या यंत्रात पंखा नसेल तर हो म्हणा. यंत्र तापलं की कर्नेल त्याचा वेग कमी करेल. पंखा असेल तर नाही म्हणा. चुकून हो म्हटलंत तर यंत्र विनाकारण संथ चालेल, बिघडणार नाही."

नवऱ्यानं दोनदा वाचलं. म्हणाला, "अगं, हे मलाही आत्ता कळलं." सात महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर असा उजेड पाहिला नव्हता.

१७ जानेवारी

माझा मजकूर प्रकल्पाला पाठवायचा ठरला. त्यांच्याकडे प्रत्येक सुधारणा मेलनं जाते, तिला पॅच म्हणतात. मी माझ्या मेलवरून पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा तिकडच्या तपासनीसानं लिहिलं: "ओळीआधीची जागा टॅबनं सोडा. तुमच्या टॅबचे स्पेस झाले आहेत." माझं मेल सगळे टॅब मोडून त्यांचे स्पेस करतं म्हणे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. एकोणीस वर्षं वह्या तपासल्या, पण समास मोकळा सोडायच्या पद्धतीवरून कोणाला नापास केलं नाही.

नवरा म्हणाला, "तू कशाला त्या भानगडीत पडतेस? माझं सगळं जुळवून ठेवलंय. माझ्या मेलवरून पाठवतो." पाठवला. संध्याकाळी मंजूर.

२ फेब्रुवारी

चौदा मजकूर मंजूर झाले. आमची पद्धत बसली आहे. नवरा मला तो पर्याय काय करतो ते सांगतो, मी लिहिते, मग कागद सासूबाईंसमोर ठेवते. त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. दोन ओळींत उत्तर मिळालं नाही तर लाइन तोडायची सवय आहे त्यांना. वाचून त्यांनी "हो" किंवा "नाही" म्हणायचं आणि का ते सांगायचं. त्यांना सांगता आलं नाही की मी पुन्हा लिहिते.

आज वाचता वाचता म्हणाल्या, "यावर नाव कोणाचं जातं गं?"

नवरा म्हणाला, "आई, तिथं नावाला कोणी विचारत नाही. काम बघतात."

तपासनीस मात्र महाखवीस आहे. कोणी म्हातारा असावा. पाय लांब करून बसलेल्या माणसासारखं लिहितो. "'सहसा' म्हणजे किती वेळा?" "'जुनी यंत्रं' म्हणजे कोणत्या सालाआधीची?" सासूही परवडली. मी त्याचं नाव खवीसच ठेवलंय. त्याच्या मेलला उत्तरं नवरा देतो, माझ्यापर्यंत फक्त दुरुस्त्या येतात.

२१ फेब्रुवारी

आजचं लगेच लिहून ठेवते.

प्रकल्प चालवणाऱ्या संस्थेनं जाहिरात दिली आहे. मदत-मजकूर संपादक, एक जागा, कायम, घरी बसून काम. पदवीची अट नाही. एकच अट: तीस एप्रिलपर्यंत स्वतःच्या नावावर किमान चाळीस मंजूर पॅच. निवड खवीस करणार.

बोलायचं नाही, फक्त लिहायचं. माझ्यासाठी कोणी मापं घेऊन शिवली असती तरी अशी जागा झाली नसती. शाळेनं टाकल्यापासून मी मनातल्या मनात म्हणत होते की आता आपण घरातलं एक कपाट. आज म्हणाले नाही.

नवऱ्याला दाखवली. त्यानं बराच वेळ वाचली. म्हणाला, "घाई नको करू. आधी काम साठू दे. अर्ज शेवटच्या आठवड्यात करू."

९ मार्च

संताप आलाय. खवीसानं नवऱ्याला विचारलंय: "पॅचमधला मजकूर लिहिणारी व्यक्ती आणि मला उत्तरं लिहिणारी व्यक्ती एकच आहे का? मजकूर स्वच्छ असतो, उत्तरं तशी नसतात."

नवऱ्यानं मला हे दाखवलं नसतं. त्याच्या मागून जाताना मी वाचलं. त्याचे कान लाल झाले होते. बिचारा आधीच खचलेला, त्यात हा उंटावरून शेळ्या हाकणारा त्याला चोर ठरवतोय. उत्तरं नीट लिहिता येत नाहीत म्हणून काय माणूस खोटा होतो? मी चिठ्ठी लिहिली: सरळ सांग ना, बायको लिहिते म्हणून. तो म्हणाला, "सांगतो गं. योग्य वेळ आली की सांगतो."

त्याला अपमान सोसवत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मी पुन्हा विचारलं नाही.

२८ मार्च

अठ्ठावन्न मजकूर झाले. आजचा मजकूर मला फार आवडला. मेमरी संपली की कर्नेल कोणता तरी चालता प्रोग्रॅम मारून टाकतं, तो कोणता मारायचा हे ठरवणारा पर्याय. जुना मजकूर असा लिहिला होता की मरणाऱ्यालाही वाटावं आपलं प्रमोशन झालं. मी लिहिलं: "एक प्रोग्रॅम बंद होईल आणि त्यातलं साठवून न ठेवलेलं काम जाईल. कोणता, ते तुम्हाला आधी सांगितलं जाणार नाही." सासूबाई वाचून म्हणाल्या, "मी नाही म्हणेन. न सांगता कोणाला मारायचं म्हणजे काय?"

खवीसानं यावर एकच शब्द पाठवला: "उत्तम." त्याच्याकडून हे म्हणजे दगडाला पाझर फुटला.

६ एप्रिल

खवीस आता मस्करीच करतोय. मदतीचे मजकूर बाजूला ठेवा म्हणे, आणि आधी "पॅच कसा पाठवावा" हे नियमांचं पान सोपं करून द्या. पर्यायांशी काडीचा संबंध नसलेलं पान. वर लिहिलंय, "हे पान मजकूर लिहिणाऱ्या व्यक्तीनंच वाचावं, ही विनंती." काय हा तोरा. मुदत जवळ आली असताना मुद्दाम खोडा घालतोय.

नवरा म्हणाला, "सोड. ते पान मी बघतो, तू नको दमूस."

मी ऐकलं नाही. खवीसाचं काम अडलं असं व्हायला नको. अर्जावर तोच सही करणार आहे.

११ एप्रिल

नियम सतरा. मूळ मजकूर: "अन्य व्यक्तीच्या कार्याच्या प्रेषणप्रसंगी मूळ कर्त्याचा निर्देश देहारंभी अनिवार्य, अन्यथा प्रेषकाचेच कर्तृत्व गृहीत धरले जाईल."

सकाळी मी तो सोपा करायला बसले. लिहिलं: "काम दुसऱ्याचं असेल आणि तुम्ही फक्त पाठवत असाल, तर मेलच्या पहिल्या ओळीत त्या दुसऱ्या व्यक्तीचं नाव लिहा. लिहिलं नाहीत तर ते काम तुमचं समजलं जाईल. ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही."

लिहून झालं, आणि माझ्याच अक्षरातलं ते वाक्य मी परत वाचलं.

प्रकल्पाचा लॉग, म्हणजे सगळ्या कामाची नोंद, उघडा असतो. कोणती ओळ कोणी लिहिली हे जगातल्या कोणालाही दिसतं. मी कधी पाहिलाच नव्हता. परीक्षेत पेपरवर नाव नसेल तर मी पोरांना उभं करत असे. आज पाहिला. एकसष्ट पॅच. एकसष्टही नवऱ्याच्या नावावर. माझं नाव सर्च केलं तर जानेवारीतले ते तीन फेटाळलेले मेल आले, टॅब मोडलेले.

नवरा टेबलावरच होता. मी चिठ्ठी सरकवली: पहिल्या ओळीत माझं नाव का नाही?

त्यानं चिठ्ठी वाचली, उलटी केली, मागे काही आहे का पाहिलं. "राहिलं गं सवयीनं. पहिल्यांदा राहिलं, मग मध्येच दुसरं नाव घातलं असतं तर विचारलं असतं त्यांनी."

मी लिहिलं: खवीसानं विचारलं होतं की.

"घर एकच ना आपलं? नावानं काय फरक पडतो?"

मी डॉक्टरीणबाईंची दहा मिनिटं वापरली. जो आवाज निघाला तो ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आणि काय चाललंय ते कळल्यावर परत आत गेल्या.

१२ एप्रिल

आज काही लिहिलं नाही. पान कोरं ठेवायचं नाही म्हणून एवढं.

१५ एप्रिल

नियमांचं पान पाठवलं, म्हणजे त्यानं पाठवलं. पहिल्या ओळीत यावेळी माझं नाव घातलं की नाही हे मी पाहिलं नाही. एकानं काय होणार? मुदतीला पंधरा दिवस उरलेत आणि मला चाळीस हवेत. खवीस एका आठवड्यात सहा-सातच तपासतो.

मनात येतं, थेट त्याला लिहावं. मग नियम तेवीस आठवतो, तोही मीच सोपा केलाय: "दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून पाठवणाऱ्याचा कोणताही पॅच यापुढे घेतला जाणार नाही, आणि त्याचं नाव यादीत जाहीर होईल." नवरा सत्तेचाळीसचा आहे. त्याच्या धंद्यातले सगळे ती यादी वाचतात. ते नाव तिथं लागलं की उंबरे झिजवायलाही त्याला कोणी दारात उभं करणार नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तो हलकट असता तर बरं झालं असतं. रोज सकाळी माझ्या औषधाची वाटी भरून ठेवतो, पाणी कोमट आहे ना ते बोट घालून बघतो.

२४ एप्रिल

त्यानं अर्ज केला.

जेवताना सांगितलं, भाजी वाढता वाढता. "तुझे चाळीस तर होत नाहीत. मग जागा रिकामी जाण्यापेक्षा... आपल्या घरात आली तर काय वाईट?"

सासूबाई म्हणाल्या, "तू तिला विचारलंस का?"

"आत्ता विचारतोय की."

करून झाल्यावर विचारण्याला आमच्या शाळेत विचारणं म्हणत नव्हते. मी ताट उचलून उठले. आयत्या बिळावर नागोबा, असं चिठ्ठीवर लिहिलं आणि फाडून टाकलं. मग वाटलं, फाडली कशाला? म्हणून इथं लिहिलं.

३ मे

दुपारी तो माझ्याजवळ येऊन बसला. हातात कागद होता. खवीसानं त्याला खासगी मेल पाठवला होता, तो त्यानं छापून आणला होता. "तुमच्या अर्जात एकसष्ट मजकूर आहेत. ते सर्व तुम्ही स्वतः लिहिले आहेत का? कृपया स्पष्ट उत्तर द्या." एवढंच. खाली अर्धा कागद कापलेला होता. मी बोट ठेवलं तेव्हा म्हणाला, "खाली नुसता पत्ताबित्ता होता."

उत्तराचा मसुदाही त्यानं केला होता: "सदर मजकुरांच्या निर्मितीमध्ये प्रामुख्यानं माझाच सहभाग असून इतर साहाय्य हे आनुषंगिक स्वरूपाचं आहे." हे वाचून कोणीही ओळखलं असतं की माणूस ताकाला आलाय आणि भांडं लपवतोय.

"हे चालणार नाही, मला कळतंय," तो म्हणाला. "तू लिहून दे."

मी मसुदा परत त्याच्याकडे सरकवला.

"नाही म्हणालीस तरी समजेन मी. पण मग यादीत नाव. मग संपलंच. तुलाही नाही आणि मलाही नाही." त्याचे डोळे भरले होते. खोटे नव्हते भरले, सोळा वर्षांत एवढं तरी ओळखते मी.

कागद घेऊन सासूबाईंकडे गेले. त्या पलंगावर बसून चष्मा पुसत होत्या. हो की नाही, ते सांगा, असं खुणेनं विचारलं. त्यांनी दोन्ही कागद वाचले. ते परत माझ्या हातात दिले.

"मला नको विचारूस. मी त्याची आई आहे. माझं मत धरू नकोस."

मी लिहून दिलं. वीस मिनिटं लागली. "होय. एकसष्टही मजकूर मी लिहिले. प्रत्येक मजकूर लिहिताना मी एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवला: ज्याला उत्तर माहीत नाही आणि ज्याला ते कबूल करायची लाज वाटते. यात दुसऱ्या कोणाचंही वाक्य नाही."

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटी आहे ती फक्त खालची सही.

८ मे

निवड जाहीर झाली. ती प्रकल्पाच्या उघड्या यादीवर लागते. मी हल्ली ती रोज वाचते, नवऱ्याला हे माहीत नाही. खवीसानं लिहिलंय, जसंच्या तसं उतरवते:

"सर्व मजकूर आपणच लिहिल्याचं अर्जदारानं लेखी कळवलं आहे. लिहिणारी व्यक्ती दुसरी असल्यास मुदत उलटूनही तिचा अर्ज धरण्याची आणि नियम तेवीस न लावण्याची माझी तयारी होती. तीन मेच्या मेलच्या उत्तरार्धात मी तसं कळवलं होतं, आणि तो मेल त्या व्यक्तीला दाखवावा अशी विनंती केली होती. उत्तरात दुसरं नाव आलेलं नाही. उत्तर अत्यंत स्पष्ट आहे. याआधी अर्जदाराकडून इतकं स्पष्ट उत्तर मला कधी आलं नव्हतं. नेमणुकीला माझी हरकत नाही."

नियम तेवीस न लावण्याची. म्हणजे ती जागा मला मिळत होती, आणि त्याचं नावही कुठे लागत नव्हतं. कापलेल्या अर्ध्या कागदावर पत्ताबित्ता होता म्हणे.

मी चार महिने त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या. तो प्रत्येक वेळी मलाच हाक मारत होता आणि मी प्रत्येक वेळी नवऱ्याची बाजू घेत होते.

संध्याकाळी नवरा आला. दाढी करून, केस कापून आला होता, दहा वर्षांनी लहान दिसत होता. मी ते पान त्याच्यासमोर धरलं. आज चिठ्ठी लिहिली नाही. होता तेवढ्या आवाजात विचारलं, "मला का नाही दाखवलंस?"

तो खुर्चीत बसला. टेबलावरचा पाण्याचा ओघळ बोटानं पुसत राहिला.

"तू हो म्हणाली असतीस," तो म्हणाला.

मग उठून आईच्या पाया पडून आला. सासूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला की नाही, ते मला इथून दिसलं नाही.

सोमवारी तो रुजू होतोय. जेवणानंतर माझ्या बाजूला कागदांचा गठ्ठा आणून ठेवला. पहिल्या आठवड्याचे तेवीस मजकूर आहेत. म्हणाला, घाई नाही, बुधवारपर्यंत झाले तरी चालतील.